वूव्रे: बाटली निवडण्यापासून ताटाशी जोडण्यापर्यंत

पांढऱ्या फ्रेंच वाइन्समध्ये नवख्याला वूव्रेइतकी चकवणारी दुसरी क्वचितच असेल. एकाच नावाखाली ती ड्राय, म्हणजे गोडी न जाणवणारी मिळते, किंचित गोड मिळते, भरपूर गोड मिळते आणि फसफसणारीही मिळते, तीही सगळी एकाच द्राक्षाची. कुणाकडे तरी एक ग्लास आवडला म्हणून नाव लक्षात ठेवावं, दुकानातून बाटली आणावी आणि घरी उघडल्यावर चव निराळीच निघावी, हे या वाइनच्या बाबतीत नेहमीचं. म्हणून वूव्रेची ओळख गोडीपासून करून घ्यायची. वर्ष, बाग, उत्पादक हे सगळं नंतर.

पण आधी थोडं त्या जागेबद्दल, कारण गोडीचा हा घोळ तिथल्या हवेनेच घातलेला आहे.

१. गाव आणि द्राक्ष

वूव्रे हे ल्वार नदीच्या उत्तर काठावरचं गाव, तूर शहराच्या पूर्वेला, अगदी जवळ. या गावात आणि आसपासच्या मोजक्या गावांच्या हद्दीत पिकलेल्या द्राक्षांच्या वाइनलाच हे नाव लावता येतं. हा कायदेशीर दर्जा १९३६ सालापासूनचा. द्राक्षवाण शेनिन ब्लाँ, भारतातले दुकानदार ज्याला चेनिन ब्लांक म्हणतात तोच. नियमांत आणखी एका स्थानिक वाणाला थोडी जागा ठेवलेली आहे, पण व्यवहारात वूव्रे म्हणजे शेनिनच. समोरच्या दक्षिण काठावर मोंलुई आहे. तिथेही हाच वाण आणि गोडीचे हेच प्रकार. वूव्रे मिळाली नाही तर खुशाल मोंलुई घ्यावी.

जमिनीखाली तुफो नावाचा पिवळसर-पांढरा, मऊ चुनखडीचा दगड आहे. ल्वारकाठचे कितीतरी शातो, म्हणजे जुने वाडे-राजवाडे, याच दगडाचे बांधलेले. दगड काढून झाल्यावर उरलेल्या खाणींची तळघरं झाली. उन्हाळा असो की हिवाळा, आत साधारण १२ अंश तापमान असतं. भिंतींना ओल, त्यावर काळ्या बुरशीची लव आणि भिंतीलगत कमरेइतक्या उंचीच्या बाटल्यांच्या थप्प्या. कड्यांत कोरलेली राहती घरंही इथे दिसतात.

आता वाणाचा स्वभाव. शेनिनला कोंब लवकर फुटतात आणि फळ मात्र उशिरा पिकतं, म्हणजे दोन्ही बाजूंनी धोका. एप्रिलमधल्या पहाटेच्या गोठवणाऱ्या थंडीने कोवळे कोंब जळतात. २०१६ आणि २०२१ या दोन्ही वर्षी ल्वारच्या शेतकऱ्यांनी ते पाहिलं. त्यातून वाचलं तर पीक सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत, कधी नोव्हेंबरपर्यंत वेलीवर. शिवाय एकाच घडातले सगळे मणी एकाच वेळी पिकत नाहीत. म्हणून गोड वाइनसाठी तोडणारे त्याच ओळीतून पुन्हा पुन्हा फिरतात आणि प्रत्येक फेरीत जेवढं तयार झालंय तेवढंच उचलतात.

वर्ष थंड गेलं तर द्राक्षं आंबटसर राहतात. मग त्यांची फसफसणारी आणि ड्राय वाइन होते. शरद ऋतू उबदार आणि लांबलचक मिळाला तर मणी वेलीवरच सुकायला लागतात, किंवा सकाळच्या धुक्यात त्यांच्यावर बोट्रायटिस ही बुरशी धरते. ती मण्यातलं पाणी उडवते, रस आटतो आणि साखर दाट होते. एरवी द्राक्षबागायतदाराला घाम फोडणारी ही बुरशी इथे नवसाने हवी असते. १९४७, १९८९ आणि १९९० ही अशा गोड वाइनसाठी गाजलेली वर्षं. साखर कितीही चढली तरी शेनिनचा आंबटपणा शाबूत राहतो, आणि खरी गंमत त्यातच आहे. गोड वूव्रे पाकट लागत नाही ती त्यामुळे.

२. लेबलवर गोडी शोधा

बाटली हातात घेतली की पुढचे शब्द शोधायचे. ते लहान अक्षरांत असतात, कधी मागच्या बाजूला असतात.

सेक म्हणजे ड्राय. लिटरमागे साखर साधारण ८ ग्रॅमच्या आत. आंबटपणा इतका की ही साखर जिभेला जवळजवळ जाणवतच नाही.

दमी-सेक, म्हणजे जोडरेघ असलेले दोन शब्द. अर्थाने अर्धी ड्राय, चवीला किंचित गोड. पंधरा-वीस ग्रॅम साखर नेहमीची, पण उत्पादकागणिक आकडा बदलतो. पहिल्या घोटाला गोड वाटते आणि गिळल्यावर तोंड स्वच्छ होतं.

म्वालो, एम अक्षराने सुरू होणारा लांबलचक शब्द. ही उघडपणे गोड. युरोपच्या नियमांत ४५ ग्रॅमची रेघ आहे आणि तिच्यापुढची वाइन ‘दू’, म्हणजे पूर्ण गोड. प्रत्यक्षात मोठ्या वर्षांच्या म्वालो बाटल्या ही रेघ सहज ओलांडतात. अंदाज यावा म्हणून सांगतो: बाजारातल्या नेहमीच्या कोल्यात लिटरमागे १०० ग्रॅमहून जास्त साखर असते. म्हणजे ‘गोड’ शब्दाला एवढं बिचकायचं कारण नाही.

ब्रूट दिसलं तर ती फसफसणारी, लिटरला १२ ग्रॅमपर्यंत साखरेची. वूव्रेच्या उत्पादनातला मोठा हिस्सा हाच असतो, हे अनेकांना माहीत नसतं. बाटलीतच दुसरं किण्वन करून ती बनते, म्हणजे शँपेनच्याच पद्धतीने. पेतियाँ लिहिलेलं असेल तर बुडबुडे जरा मवाळ.

यापलीकडे ‘सेक ताँद्र’ नावाचा मधला प्रकार आहे: सेकपेक्षा गोल, दमी-सेकपेक्षा कमी गोड. कायद्यात याला वेगळं खातं नाही, पण तिथले उत्पादक तो शब्द सर्रास वापरतात आणि बऱ्याच बाटल्या प्रत्यक्षात याच जातीच्या असतात.

आता खरी अडचण. कित्येक बाटल्यांवर यातलं काहीच लिहिलेलं नसतं. नुसतं ‘वूव्रे’, उत्पादकाचं नाव, वर्ष, संपलं. मला हा शुद्ध आडमुठेपणा वाटतो. मागच्या लेबलवर गोडीची पट्टी छापलेली आहे का बघा. नसेल तर दुकानदाराला विचारा, नाहीतर दुकानातच उभ्या उभ्या फोनवर उत्पादकाची साइट उघडा. अल्कोहोलच्या टक्केवारीवरून गोडी ओळखायला जाऊ नका, या वाइनमध्ये तो ठोकताळा फसतो.

३. पहिली बाटली कोणती

जमत असेल तर एकाच उत्पादकाची, एकाच वर्षाची सेक आणि दमी-सेक घ्या आणि दोन्ही एकाच जेवणाला उघडा. दोन बाटल्या म्हणजे दहा ग्लास, तेव्हा चार-पाच जण हवेतच. एकच घ्यायची असेल तर माझं मत दमी-सेक. ‘ड्राय तीच चांगली’ हा समज आपल्याकडे उगाच रुजलाय. आपल्या ताटात तिखट, आंबट आणि गूळ एकत्र नांदतात, आणि त्या ताटाला दमी-सेक जितकी जुळते तितकी दुसरी पांढरी वाइन क्वचितच जुळते.

उत्पादकांमध्ये सगळ्यांत माहितीतलं नाव ह्युए. १९२८ साली सुरू झालेल्या या घराच्या तीन बागा प्रसिद्ध आहेत: ल ओ-लियो, ल मों आणि क्लो द्यु बूर. वर्ष अनुकूल असेल तर तिन्ही बागांची सेक, दमी-सेक आणि म्वालो निघते. बाग तीच, गोडी वेगळी, असा अभ्यास करायचा तर यापेक्षा चांगली सोय नाही. हे घर नावारूपाला आणणारे गास्तों ह्युए अनेक वर्षं गावाचे महापौर होते. पॅरिसहून येणाऱ्या अतिवेगवान रेल्वेचा मार्ग या बागांतून जाणार होता, तेव्हा त्यांनी विरोध लावून धरला. शेवटी रेल्वे बोगद्यातून गेली, वेलींच्या खालून. शांपालू आणि फोरो कुटुंबाची क्लो नोदँ ही आणखी दोन भरवशाची नावं.

एक कायद्याची खोच लक्षात ठेवा. द्राक्षं वूव्रेतली असली आणि वाइन मात्र नदीपलीकडच्या तळघरात केलेली असली, तर २०१४ पासून तिच्यावर वूव्रे लिहिता येत नाही. अशी वाइन ‘व्हँ द फ्राँस’ या साध्या नावाने विकली जाते. जाणकार दुकानदार अशी बाटली पुढे करेल तेव्हा नाव साधं आहे म्हणून नाक मुरडू नका.

फ्रान्स, इंग्लंड, जर्मनीत राहणाऱ्या मराठी मंडळींना वूव्रे सुपरमार्केटातही मिळते. भारतात मात्र आयात वाइनच्या फळीवर ती क्वचित दिसते, आणि दिसली तर करांमुळे किंमत कितीतरी पट चढलेली असते. त्यापेक्षा परदेशातून येणाऱ्या नातलगाला सांगणं बरं. आणताना गोडीचा शब्द लिहूनच पाठवा, नाहीतर तो जे हाताला लागेल ते आणेल.

४. थंड करा, उघडा, ओता

फसफसणारी ६ ते ८ अंश, सेक ८ ते १०, दमी-सेक १० च्या आसपास, म्वालो १० ते १२. घरात थर्मामीटर नसतोच, म्हणून सोपा हिशेब: बाटली फ्रिजमध्ये तीनेक तास ठेवा. सेक बाहेर काढून दहा मिनिटांनी ओता, गोड असेल तर वीस मिनिटांनी. मे महिन्यात मुंबईत किंवा नागपुरात हे थांबणं निम्म्यावर आणा. घाई असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घाला. पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात बाटली खोचून उपयोग नाही, पाणी हवंच. ग्लासात बर्फ मात्र कदापि नको.

ग्लास वर निमुळता होणारा, मध्यम आकाराचा. फसफसणारीसाठी उंच नळकांडी ग्लास लागतोच असं नाही, उलट त्यात वास कोंडतो. ग्लास एक तृतीयांशच भरा.

उघडताना दोन गोष्टींना घाबरू नका. बुचाच्या आतल्या टोकाला किंवा बाटलीच्या तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे बारीक पांढरे खडे दिसले तर ते टार्ट्रेटचे स्फटिक आहेत, द्राक्षातल्या आम्लाचेच. शेवटचा घोट बाटलीतच ठेवला की झालं. दुसरं, कोवळ्या वूव्रेला उघडल्या उघडल्या पेटवलेल्या काडेपेटीचा वास येऊ शकतो. तो गंधकाचा. जगमध्ये ओतून अर्धा तास ठेवली की बहुतेक वेळा निघून जातो. मात्र ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास आला आणि तासाभरानंतरही तसाच राहिला, तर बूच खराब आहे. ती बाटली परत करायची.

५. चव घेताना काय शोधायचं

कोवळ्या सेकमध्ये हिरवं सफरचंद, नाशपाती, लिंबाची साल. दमी-सेकमध्ये पिकलेलं सफरचंद, मध, कॅमोमाइलची फुलं. जुन्या वाइनमध्ये मेण, वाळलेलं गवत आणि एक विचित्र वास ज्याला युरोपातले लोक भिजलेली लोकर म्हणतात. पावसात भिजलेल्या घोंगडीचा वास ज्याला माहीत आहे त्याला हे वर्णन लगेच कळेल, आणि वाइनमध्ये तो सौम्य असताना चांगला का लागतो हे मात्र प्यायल्याशिवाय कळणार नाही.

वास न सापडले तरी बिघडत नाही. त्यापेक्षा एक गोष्ट करून बघा: घोट तोंडात फिरवा, गिळा आणि तोंडाला सुटणाऱ्या पाण्याकडे लक्ष द्या. जिभेच्या कडांना पाणी सुटतं ते आंबटपणामुळे. गोडी जिभेवर आधी येते, आंबटपणा नंतर आणि जास्त वेळ टिकतो. या दोघांचं आपापसात कसं जमलंय, एवढं ओळखता आलं तरी वूव्रेबद्दलचे बहुतेक निर्णय तुम्हाला घेता येतील.

६. जेवणाशी जोडी: आधी तिथली

तूरच्या परिसरातलं खाणं बघितलं की ही वाइन अशी का आहे ते समजतं. तिथे रीयेत करतात: डुकराचं मांस चरबीत तासन् तास शिजवून, पिंजून, गार करून पावाला फासायचं. तेवढ्या चरबीवर सेक किंवा ब्रूटचा आंबट घोट म्हणजे तोंड पुन्हा कोरं. नदीतल्या ‘सांद्र’ नावाच्या माशावर बर-ब्लाँ हा लोण्याचा सॉस घालतात. त्यालाही सेकच, जरा जुनी असेल तर उत्तम.

आणि सेंत-मोर द तुरेन. शेळीच्या दुधाचं हे चीज लांबट ओंडक्याच्या आकाराचं, बाहेरून राखेने करडं झालेलं असतं. मधोमध राईच्या पिकाची एक काडी आरपार घातलेली असते, नाजूक चीज मोडू नये म्हणून. खऱ्या सेंत-मोरच्या काडीवर नाव आणि उत्पादकाचा क्रमांक कोरलेला असतो. काडी ओढून काढायची, बोटभर जाड चकत्या करायच्या आणि सेक किंवा सेक ताँद्र ओतायची. चीजचा आंबटपणा आणि वाइनचा आंबटपणा एकमेकांना कापून टाकतात आणि मागे दोघांमधला मऊपणा उरतो. चीजबरोबर लाल वाइनच हवी असं मानणाऱ्यांनी हे एकदा खाऊन बघावं.

म्वालोला तिथे सफरचंदाचा तार्त ताताँ, निळ्या बुरशीचं चीज किंवा बदकाच्या यकृताचा फुआ ग्रा देतात.

७. आपल्या ताटाशी

नियम तीनच. तेलकटाला आंबटपणा चालतो. तिखटाला थोडी साखर आणि कमी अल्कोहोल हवं, कारण अल्कोहोलने मिरचीची आग वाढते. आणि पदार्थ वाइनपेक्षा गोड असता कामा नये, नाहीतर वाइन आंबट आणि पाणचट लागते.

रव्यात घोळून तळलेली सुरमई किंवा कुरकुरीत बोंबील असेल तर सेक. कोथिंबीर वडी, कांदा भजी, साबुदाणा वडा यांना फसफसणारी ब्रूट. तळणीला बुडबुड्यांइतकं दुसरं काही मानवत नाही, फक्त हिरवी मिरचीची चटणी जरा बाजूला सारा. चिंच-गुळाची अळूवडी, शेंगदाण्याचं कूट आणि गोडा मसाला घातलेली भरली वांगी, नारळाच्या दुधातलं कोलंबीचं कालवण ही सगळी दमी-सेकची मैदानं. कोल्हापूरचा पांढरा रस्साही तिच्याशी छान जातो, त्यातल्या खोबऱ्यामुळे आणि काजूमुळे. तांबड्या रश्श्यापुढे मात्र वाइन हरते. तिथे पाणी प्या.

गोव्याचा रेशाद मसाला भरलेला बांगडा जरा अवघड, कारण त्यात मिरचीबरोबर व्हिनेगरही असतं. मसाला हात राखून भरलेला असेल तर खूप थंड दमी-सेक निभावून नेते. सोलकढी आणि वाइन एका वेळी टेबलावर ठेवू नका. कोकमाचा आंबटपणा वाइनचा आंबटपणा खाऊन टाकतो आणि वाइन बेचव होते. सोलकढी शेवटी भाताबरोबर.

गोडधोडाच्या बाबतीत मी नवख्यांना थांबवतो. श्रीखंड, गुलाबजाम, जिलबी हे सगळं बहुतेक म्वालोपेक्षा गोड आहे, त्यामुळे महागाची बाटली वाया जाते. त्याऐवजी हापूसच्या फोडी, भाजलेले बदाम, अंजीर किंवा खारट निळं चीज. आंबा फार पिकलेला नको, थोडा आंबटपणा उरलेला हवा.

८. नाशिकची शेनिन

भारतात बसून हा वाण ओळखायचा सगळ्यांत स्वस्त मार्ग नाशिकमधून जातो. सुलाने १९९७ च्या सुमारास नाशिकला शेनिन आणि सोव्हिन्यों ब्लाँ लावली आणि २००० साली त्यांची पहिली वाइन बाजारात आली. आज तिथल्या अनेक वाइनरींच्या यादीत शेनिन असते. दिंडोरीच्या शाँदों या वाइनरीच्या फसफसणाऱ्या वाइनमध्येही शेनिन वापरतात.

पण नाशिकची शेनिन म्हणजे स्वस्तातली वूव्रे, असं समजू नका. तिथे पावसाळा संपता संपता छाटणी करून जानेवारी ते मार्चमध्ये तोडणी होते. दिवसाचं ऊन कडक, पक्वता झपाट्याने येते आणि आंबटपणा ल्वारइतका टिकत नाही. वाइन फळाळ होते, पेरू-अननसाकडे झुकलेली, आणि बऱ्याचदा मुद्दाम थोडी गोड ठेवलेली. ती ताजी असताना, वर्ष-दोन वर्षांत पिऊन टाकायची. दोन्ही शेजारी ठेवून प्यायलात तर हवेचा परिणाम कुणी समजावून सांगायची गरज उरणार नाही. शेनिनची जगात सर्वाधिक लागवड फ्रान्समध्ये नसून दक्षिण आफ्रिकेत आहे. तिसरी बाटली तिथली घ्या.

९. किती दिवस ठेवायची

फसफसणारी दोन-तीन वर्षांत संपवा. साधी सेक पाचेक वर्षं सहज राहते, चांगल्या उत्पादकाची दहा-पंधरा. म्वालो तर पन्नास वर्षांनीही जिवंत सापडते, साखर आणि आम्ल दोन्ही तिला राखतात. अर्थात हे तुफोच्या थंड तळघरातलं गणित. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघरातल्या कपाटात उन्हाळा काढलेली बाटली वर्षभरातच थकते. वाइनसाठी वेगळा फ्रिज नसेल तर साठवायच्या भानगडीत पडू नका.

उघडलेली सेक बूच लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस, दमी-सेक चार-पाच, म्वालो आठवडाभर. फसफसणारीला खास दाबाचं झाकण लागतं, तरीही दुसऱ्या दिवशीपर्यंतच. सेक पेलाभर उरली आणि प्यायची नसली तर कढईत बारीक चिरलेला छोटा कांदा त्यात आटवा, आच बंद करून गार लोण्याचे तुकडे एकेक करून फेटत घाला आणि वाफवलेल्या पापलेटवर ओता. लोणी उकळू द्यायचं नाही, फाटतं.